‘ज्युडिशियस’ : तोल कोणी पाहायचा?

१

काही वर्षांपूर्वी पाण्याच्या वापराविषयीची एक छापील पुस्तिका हाती आली. डावीकडे इंग्रजी मजकूर, उजवीकडे त्याचा मराठी अनुवाद. मराठी पानावर ठळक अक्षरांत छापले होते की शेतकऱ्यांनी पाण्याचा ‘न्यायिक वापर’ करावा. वाचून हसू आले. पाटाचे पाणी सोडायला आता न्यायाधीश बोलवायचा की काय! डाव्या पानावर मूळ शब्द होता ‘ज्युडिशियस’. अनुवादकाने तो ‘ज्युडिशिअल’ असा वाचला असणार. सवयीप्रमाणे मी पेन्सिलीने ‘न्यायिक’ खोडले आणि वर बरोबर शब्द लिहायला गेलो. तिथेच अडलो.

पहिल्यांदा सुचला ‘काटकसरीचा’. पण तो बसेना. गव्हाला पेरणीनंतर साधारण २१ व्या दिवशी, मुकुटमुळे फुटायच्या वेळी पाणी चुकले तर पुढे कितीही पाळ्या दिल्या तरी नुकसान भरून येत नाही. त्या दिवशी हात आखडणारा शेतकरी काटकसरी असेल, ज्युडिशियस नव्हे. ‘जपून’ म्हणावे तरी तीच अडचण. ‘योग्य’ म्हणावे तर त्या शब्दाने काहीच सांगितले जात नाही. अयोग्य वापर करा असे कोण सांगतो? ‘विवेकपूर्ण’ हा हिंदीच्या वळणाचा शब्द सरकारी कागदांत रुळला आहे. तो चुकीचा नाही, पण पुरा पडत नाही. का पडत नाही ते पुढे येईल.

खोडलेला शब्द तसाच राहिला. एका विशेषणाला मराठीत जागा मिळेना, तेव्हा ते मूळ घरी काय करत होते हे पाहावे म्हणून वाचायला लागलो. मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. कोश, जुनी पुस्तके आणि फावला वेळ एवढेच भांडवल. तरी जे हाती लागले ते मांडण्यासारखे वाटते, कारण त्यात आपल्या समीक्षेच्या आणि आपल्या कारभाराच्या भाषेलाही विचारावा असा एक प्रश्न आहे.

२

लॅटिनमध्ये ‘युस’ म्हणजे कायदा, हक्क. ‘दिकेरे’ म्हणजे बोलणे. कायदा बोलून दाखवणारा तो ‘युडेक्स’, न्यायाधीश. त्याचा निवाडा म्हणजे ‘युडिकियम’. या एका घरातून इंग्रजीत दोन विशेषणे आली. ‘ज्युडिशिअल’ थोरले, चौदाव्या शतकापासून ते न्यायालयाच्या कामाला चिकटून आहे. ‘ज्युडिशियस’ धाकटे, सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते फ्रेंचमधून आले. सुरुवातीला दोघांच्या सीमा पक्क्या नव्हत्या. शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’ नाटकाच्या शेवटी नायकाच्या अपराधांची रीतसर सुनावणी होईल असे सांगितले जाते, तिथे ‘ज्युडिशियस’ हा शब्द येतो. आज तिथे ‘ज्युडिशिअल’ लिहिले जाईल. म्हणजे आपल्या अनुवादकाने केलेली गल्लत शेक्सपिअरच्या काळी गल्लत ठरली नसती.

पुढे वाटण्या झाल्या. थोरल्याने कचेरी घेतली, धाकट्याने गुण घेतला. न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून दिलेला प्रत्येक निर्णय ज्युडिशिअल असतोच. तो ज्युडिशियस असेल याची हमी नाही. आणि जन्मात कोर्टाची पायरी न चढलेली एखादी आजी भावकीचे भांडण मिटवताना ज्युडिशियस असू शकते.

चांगल्या निर्णयशक्तीसाठी इंग्रजीत आणखी बरीच विशेषणे आहेत, आणि प्रत्येकाच्या पोटात एक वेगळे चित्र दडले आहे. ‘प्रूडंट’ हा पुढचे पाहणाऱ्याचा शब्द. लॅटिनमधल्या दूरदृष्टीच्या शब्दाचेच ते आक्रसलेले रूप. ‘सगेशियस’च्या मुळाशी वास काढण्याची तीक्ष्णता आहे, जुन्या इंग्रजीत तो शिकारी कुत्र्यांनाही लागत असे. ‘श्रूड’ तर मुळात दुष्टाला म्हणत. हळूहळू तो धूर्तावर आणि तिथून चतुरावर आला. ‘डिस्क्रीट’ आणि ‘डिसर्न’ यांच्या मुळाशी जे लॅटिन क्रियापद आहे त्याचा अर्थ चाळणे. ग्रीकमधले त्याचे भावंड म्हणजे ज्यावरून ‘क्रिटिक’ हा शब्द झाला ते क्रियापद. समीक्षक म्हणजे मुळात चाळणारा, पाखडणारा.

ही चित्रे नीट पाहिली की या शब्दांचे दोन गट पडतात. एका गटाच्या हातात चाळणी किंवा सूप आहे, दुसऱ्याच्या हातात तराजू. सुपाने पाखडताना धान्य आणि फोलपट वेगळे करायचे असते. एक ठेवायचे, एक टाकायचे. तराजूचे काम वेगळे. दोन्ही पारड्यांत धान्यच आहे, टाकायचे काही नाही. प्रश्न आहे कोणाला किती. ‘ज्युडिशियस’च्या पोटात न्यायाधीश बसला आहे, आणि दोन्ही पक्षांकडे काही ना काही खरे असते तेव्हाच त्याचा कस लागतो. एक बाजू उघड खोटी असेल तर निवाडा करायला फार शहाणपण लागत नाही.

३

इंग्रजी वाङ्मयात हे विशेषण एका माणसाच्या नावाला असे चिकटले की त्याच्याशिवाय ते नाव अपुरे वाटावे. तो माणूस रिचर्ड हूकर. जन्म १५५४, मृत्यू १६००. धर्मोपदेशक, आणि चर्चच्या कारभाराच्या नियमांविषयी एक प्रचंड ग्रंथ लिहिणारा. ग्रंथाचे पहिले चार भाग १५९३ मध्ये, पाचवा १५९७ मध्ये निघाला. उरलेले त्याच्या मागे, कितीतरी वर्षांनी.

हूकरच्या काळचा वाद मराठी वाचकाला परका वाटू नये. रोमपासून फुटलेल्या इंग्लंडच्या चर्चमध्ये कडव्या सुधारकांचा एक पक्ष होता, प्युरिटन. जे बायबलात सांगितलेले नाही ते चर्चमध्ये असता कामा नये, हे त्यांचे म्हणणे. धर्मगुरूने पांढरा झगा घालावा का, लग्नात अंगठी असावी का, प्रसाद घेताना गुडघे टेकावेत का, बिशप असावेत का, अशा शेकडो गोष्टींवर त्यांचा आक्षेप होता. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये हूकर १५८५ पासून प्रमुख होता. हे वकिलांचे चर्च. श्रोत्यांत कायदा शिकणारे आणि शिकवणारे. सकाळचे प्रवचन हूकरचे, दुपारचे प्युरिटन मताच्या वॉल्टर ट्रॅव्हर्सचे. सकाळी कँटरबरी बोलते आणि दुपारी जिनिव्हा, अशी या प्रकाराची ओळख पुढे इतिहासकारांनी करून दिली. हूकरला ‘ज्युडिशियस’ हे विशेषण मिळायला वकिलांच्या चर्चमधला हा झगडा पूर्वपीठिकेसारखा शोभतो.

हूकरने उत्तर दिले ते असे. धर्मग्रंथ जिथे स्पष्ट बोलतो तिथे प्रश्न नाही. पण असंख्य बाबींवर तो गप्प आहे. त्या बाबी पाप नाहीत आणि पुण्यही नाहीत. त्यांचा निर्णय बुद्धीने, परंपरेचा विचार करून, समाजाने मिळून करायचा. आणि परिस्थिती बदलली तर तो निर्णय बदलताही येतो. नियम जिथे संपतो तिथे मनमानी सुरू होत नाही, तारतम्य सुरू होते, असा त्याच्या प्रतिपादनाचा गाभा सांगता येईल. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी विस्ताराने मांडायचे आणि मग त्याला उत्तर द्यायचे, ही त्याची रीत. आपल्याकडच्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या शिस्तीची आठवण व्हावी अशी.

शेवटी तो केंट परगण्यातल्या बिशप्सबोर्न या गावी होता, तिथेच वारला. १६३५ मध्ये विल्यम कूपर याने तिथल्या चर्चमध्ये त्याचे स्मारक उभारले आणि लेखात त्याला ‘ज्युडिशियस’ म्हटले. मृत्यूनंतर ३५ वर्षांनी, दुसऱ्याने, दगडावर. हे विशेषण कसे मिळत असे याचा हा एक नमुना आहे.

मात्र इथे भाबडे होऊन चालणार नाही. हूकर एका पक्षाचा वकील होता, आणि तो पक्ष राजसत्तेचा होता. स्मारक उभारणाराही त्याच बाजूचा. आपल्या माणसाला समतोल म्हणणे ही जगभरची जुनी खोड आहे. पुढे, १६८९ च्या अखेरीस, जॉन लॉकने राज्यसंस्थेवरचे आपले दोन प्रबंध प्रसिद्ध केले. त्यांत तो हूकरचे आधार वारंवार देतो आणि त्याला याच विशेषणाने संबोधतो. राजाचा अधिकार प्रजेच्या संमतीवर उभा आहे हे लॉकला दाखवायचे होते. त्याच्या विरोधातले लोक राजनिष्ठ चर्चवाले. म्हणून त्याने त्यांच्याच घरातला, त्यांनीच समतोल ठरवलेला साक्षीदार उभा केला.

लॉकची ही वकिली खेळी होती यात शंका नाही. पण तिच्यामुळे विशेषणाची किंमत वाढली. आपल्या माणसांनी दिलेले ‘ज्युडिशियस’ हे कौतुक असते. समोरच्या गोटातल्या माणसालाही ते वापरावेसे वाटले, की त्याला पुराव्याचे वजन येते.

४

साहित्यात या शब्दाचा मान सर्वांत ठसठशीतपणे दिसतो तो ‘हॅम्लेट’मध्ये. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने हे नाटक मराठीत आणले. त्यातला नटांना उपदेश करण्याचा प्रसंग आपल्या नाट्यवाचकांना अपरिचित नाही. हॅम्लेट नटांना बजावतो की अतिरेकी अभिनयाने अडाणी प्रेक्षक हसतील, पण जाणत्याला दुःख होईल. आणि अशा एका जाणत्याचे मत उरलेल्या भरगच्च नाट्यगृहापेक्षा तुम्हाला जड वाटले पाहिजे. या ‘जाणत्या’साठी मूळ शब्द ‘ज्युडिशियस’ आहे. विशेषण इथे नामासारखे उभे आहे, आणि त्याच्या एका पारड्यात एकच माणूस, दुसऱ्यात सारे नाट्यगृह.

पुढची दोन शतके इंग्रजी प्रस्तावनांत ‘ज्युडिशियस रीडर’ला उद्देशून लिहिण्याची पद्धत होती. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातल्या प्रस्तावनांत ‘सुज्ञ वाचक’ असे. त्याही आधी मराठेशाहीतल्या पत्रांचा शेवट ‘बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा’ असा होई. या विनयामागे व्यवहार आहे. लिहिणारा म्हणतो, माझे सांगून झाले, आता निर्णय तुमचा. कधी त्यात आदर असतो, कधी गर्भित धाकही. पण दोन्ही वेळा निर्णय वाचणाऱ्याच्या पदरात टाकलेला असतो.

या काळात एक मजेदार वादही झाला. मानवी बुद्धीवरच्या ग्रंथात लॉकने कल्पकता आणि निर्णयशक्ती यांची फारकत केली. कल्पकता दोन वस्तूंतले साम्य पटकन पकडते. निर्णयशक्ती त्यांतला बारीक फरक काळजीपूर्वक वेगळा करते. म्हणजे लॉकने निवाड्याच्या हातातही चाळणीच दिली. ‘ट्रिस्ट्रॅम शँडी’च्या उशिरा आलेल्या प्रस्तावनेत लॉरेन्स स्टर्नने याची टिंगल केली : खुर्चीच्या पाठीवर दोन गोंडे असतात, त्यातला एक काढून टाकला तर खुर्ची कशी दिसेल? स्टर्नचा रोख बरोबर होता. ज्याला साम्य दिसत नाही त्याला तोलता तरी काय येणार? तराजूत घालायच्या दोन वस्तू कुठेतरी एका जातीच्या आहेत हे आधी दिसावे लागते.

पण जाणत्याला जाणता ठरवायचे कसे? डेव्हिड ह्यूमने १७५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभिरुचीवरच्या निबंधात ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट यासाठी घेतली आहे. सांचोच्या दोन नातलगांना पिंपातल्या वाइनची परीक्षा करायला बोलावतात. एक म्हणतो, वाइन उत्तम, पण चामड्याची किंचित चव आहे. दुसरा म्हणतो, उत्तम, पण लोखंडाची. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सापडते.

ह्यूमला या गोष्टीतून रसनेची सूक्ष्मता दाखवायची होती. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या दोघांनी आपणहून स्वतःला पारखी म्हणवून घेतलेले नाही. त्यांनी मत दिले, कारण सांगितले, हसे सोसले, आणि पिंप रिकामे होईपर्यंत वाट पाहिली. दगडावरच्या लेखाइतकेच हेही विशेषण उशिरा आणि बाहेरून आले.

५

आता आजचे इंग्रजी पाहा. माणसाला ‘ज्युडिशियस’ म्हटलेले क्वचित दिसते. शब्द मेलेला नाही. उलट रोज भेटतो. पण त्याच्या सोबतीची नामे बदलली. पाण्याचा ज्युडिशियस वापर, खतांचा, प्रतिजैविकांचा, निधीचा. जुन्या-नव्याचे ज्युडिशियस मिश्रण. फांद्यांची ज्युडिशियस छाटणी. पोलिसांकडून बळाचा ज्युडिशियस वापर. विशेषण माणसावरून उठून ‘वापरा’वर येऊन बसले.

वरवर हा किरकोळ व्याकरणबदल वाटतो. पण माणूस ज्युडिशियस असे म्हणायला दुसरा कोणी तरी लागत असे, आणि बोलणे झालेल्या गोष्टींविषयी असे. ‘वापर’ ज्युडिशियस असावा हे मात्र आधीच सांगितले जाते, आदेशाच्या स्वरात. किंवा ज्याने वापर केला तोच अहवालात लिहून मोकळा होतो की तो ज्युडिशियस होता. तोलणारा माणूस वाक्यातून गायब. उरले फक्त तोललेले असल्याचे प्रमाणपत्र.

यातली गंमत अशी की उलट अर्थाचा शब्द आपला जुना स्वभाव टिकवून आहे. ‘इनज्युडिशियस’ म्हटले की आजही माणूसच समोर येतो : कोणी तरी नको ते, नको तिथे बोलून गेला. चूक सापडली की माणूस सापडतो. शहाणपण मात्र कर्त्याशिवाय हिंडते.

शब्दालाच दोष द्यावा असे मात्र नाही. प्रतिजैविकांचे उदाहरण घ्या. साधी सर्दी विषाणूने होते, तिथे प्रतिजैविकाचा उपयोग नसतो. ते न देणे ज्युडिशियस. जिवाणूंचा गंभीर संसर्ग असेल तर ते वेळेवर, पुऱ्या मात्रेत, हवे तितके दिवस देणे हेही ज्युडिशियस. एकच विशेषण एका रुग्णाला ‘नको’ सांगते, दुसऱ्याला ‘भरपूर’. इथे त्याला खरा अर्थ आहे, कारण डॉक्टरला ‘का दिले?’ किंवा ‘का नाही दिले?’ असे विचारता येते आणि त्याच्याजवळ उत्तर असावे लागते. कारण विचारायला जागा आहे तोवर शब्द जिवंत आहे. ती जागा बुजली की त्याचा शिक्का होतो.

न्यायालयांना हे फार पूर्वी कळले होते. विल्क्सच्या प्रकरणात लॉर्ड मॅन्सफिल्डने सांगितले की न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडलेली बाब म्हणजे त्याच्या लहरीवर सोडलेली बाब नव्हे. ती मर्जी कायद्याने बांधलेली असते. आपल्याकडच्या मराठी निकालपत्रांतही आधी मुद्दे येतात, त्यांवरचे निष्कर्ष येतात आणि मग ‘कारणमीमांसा’ हा मथळा येतो. निवाडा चुकीचा असू शकतो, पण कारणे लिहिलेली असतात, म्हणून वर दाद मागता येते.

६

आता मराठीकडे. ‘विवेक’ हा शब्द मोठा आहे, संतांनी तो मोठा केला आहे. पण त्याचा धातू ‘वेगळे करणे’ या अर्थाचा. सार आणि असार, नित्य आणि अनित्य, दूध आणि पाणी. ‘विवेक’ सूप आहे. जिथे एक बाजू टाकायची आहे तिथे त्याच्यासारखा शब्द नाही. पण पिण्याचे पाणी, शेतीचे पाणी आणि कारखान्याचे पाणी यांत फोलपट कोणते? तिन्ही मागण्या खऱ्या आहेत. म्हणून सुरुवातीला म्हटले की ‘विवेकपूर्ण’ चुकीचा नाही, पण पुरा पडत नाही.

तराजू आहे तो ‘तारतम्य’ या शब्दात. ‘तर’ आणि ‘तम’ हे संस्कृतातले तुलनेचे प्रत्यय, लघुतर, लघुतम. व्याकरणातले दोन प्रत्यय एकत्र येऊन त्यांचा एक गुण व्हावा, ही मला भाषेतली फार सुंदर घटना वाटते. ज्याला तारतम्य आहे त्याला काय चांगले एवढेच कळत नाही. दोन चांगल्यांत या वेळी, या ठिकाणी अधिक निकडीचे कोणते हे कळते. ‘ज्युडिशियस’च्या सर्वांत जवळ जाणारा मराठी शब्द हाच. अडचण एकच : त्याचे विशेषण बनत नाही. ‘तारतम्याने’ म्हणावे लागते, आणि तसे म्हटले की क्रियापद येते, क्रियापद आले की कर्ता येतो. कोणी तारतम्याने वागायचे हे सांगावे लागते. मला ही अडचण वाटेनाशी झाली आहे. इंग्रजी विशेषणाने जो माणूस गाळला तो मराठी वाक्यरचना परत आणते.

माणसासाठी, विशेषतः समीक्षकासाठी, आपल्याकडे ‘साक्षेपी’ आहे. साक्षेपी संपादक, साक्षेपी अभ्यासक. या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा. समर्थांनी दासबोधात हरिकथा, राजकारण आणि सावधपण यांच्यानंतर चौथा गुण सांगितला तो साक्षेपाचा, आणि तिथे त्याचा अर्थ आहे अखंड उद्योग, झटून केलेला प्रयत्न. कष्टाचा शब्द हळूहळू चिकित्सेचा झाला. तो आपोआप झाला असे मला वाटत नाही. हस्तलिखितांच्या पोथ्या ताडून पाहणारा, एका तारखेसाठी दहा बखरी उलटणारा माणूस आधी उद्योगी होता, म्हणून चिकित्सक ठरला. इंग्रजी शब्दाने शहाणपणाला खुर्ची दिली. मराठी शब्दाने त्याला घाम दिला.

पण ‘साक्षेपी’चे आज काय झाले आहे ते आपण सारे जाणतो. पुस्तकाच्या मलपृष्ठावर लेखक साक्षेपी असतो, प्रस्तावनेत संपादक साक्षेपी असतो, सत्काराच्या मानपत्रात तर असतोच. पुस्तक अजून कोणी वाचलेले नसते. पिंप भरलेले असतानाच चामडे आणि लोखंड दोन्ही नसल्याचा दाखला दिला जातो. परीक्षण लिहिताना मीही हा शब्द दोन-तीनदा असाच वापरला आहे. एकदा तर पुस्तकाची सूची तपासली नव्हती, आणि नंतर पाहिले तेव्हा पाने जुळत नव्हती. तेव्हापासून नियम केला : ज्या परीक्षणात ‘साक्षेपी’ लिहायचे त्यात निदान एक जागा दाखवायची, जिथे लेखकापुढे दोन वाटा होत्या आणि त्याने एक कारण देऊन निवडली. अशी जागा सापडली नाही तर शब्द गाळायचा. बहुतेक वेळा गाळावा लागतो.

७

त्या पुस्तिकेकडे परत येतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. त्याच्या इंग्रजी दीर्घ शीर्षकात पाण्याचे व्यवस्थापन, वाटप आणि वापर कसा असावा हे सांगणारी तीन विशेषणे ओळीने आहेत. पहिले ‘ज्युडिशियस’, दुसरे समन्यायी या अर्थाचे, तिसरे शाश्वत या अर्थाचे. म्हणजे हूकरच्या थडग्यावरचे विशेषण आपल्या पाटबंधाऱ्यापर्यंत येऊन पोचले आहे. समन्यायासाठी वेगळा शब्द ठेवला आहे हे लक्षात घेतले की पहिल्या शब्दाकडे उरते ते तारतम्य : या वर्षी, या धरणात एवढे पाणी असताना, कोणाला किती. पण ते ठरवायचे कोणी? २०११ मधल्या दुरुस्तीने पिण्याचे, शेतीचे आणि उद्योगाचे पाणी किती हे ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारकडे घेतला. त्यात चूक-बरोबर काय यावर पाणीतज्ज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. मला भाषेच्या अंगाने एवढेच दिसते की विशेषण जागच्या जागी राहिले आणि तराजू धरणारा हात बदलला.

आणि पुस्तिकेत हे विशेषण कोणाला लावले होते? शेतकऱ्याला. कायद्यात व्यवस्थापन आणि वाटप यांनाही ते लागू आहे. पुस्तिकेत मात्र फक्त वापर उरला. वरच्या टोकाला बसून वाटप करणाऱ्यांसाठी त्यात अवाक्षर नव्हते. टेलच्या ज्या शेतकऱ्यापर्यंत आवर्तन पोचतच नाही, त्याने न आलेले पाणी तारतम्याने कसे वापरायचे?

याच महाराष्ट्रात धुळे-नाशिककडे पांझरेसारख्या नद्यांवर फड बागायतीची जुनी पद्धत आहे. शेते फडांत वाटलेली, एका फडात एक पीक, पाणी वाटायला गावाने नेमलेली माणसे, आणि त्यांच्यावर गावाचे पंच. या पद्धतीची उगीच भक्ती करण्याचे कारण नाही. तिच्या मर्यादाही होत्या. पण तिथे ‘ज्युडिशियस’ असे कुठे लिहावे लागले नाही. पाणी सोडणारा समोर होता, त्याला नावाने हाक मारता येत होती आणि ‘माझ्या शेताला काल का नाही?’ असे विचारता येत होते.

तेव्हा तो अनुवादक इतका चुकला का? त्याने शब्द चुकवला हे खरे. पण ज्या न्यायाधीशाला इंग्रजी विशेषणाने चारशे वर्षांत हळूहळू घराबाहेर काढले, त्याला त्याने नकळत परत आणून बसवले. न्यायाधीश आला म्हणजे दोन्ही बाजू ऐकून घेणे आले, कारणे लिहिणे आले, अपिलाची सोय आली. पाण्याच्या पुस्तिकेत या तिन्ही गोष्टींची गरज होती.

तरीही ‘न्यायिक’ चूकच, आणि छापील चूक दुरुस्त करावी असे मला वाटते. पुस्तिका अजून माझ्या टेबलावर आहे. खोडलेल्या शब्दाच्या वर मी शेवटी लिहिले : ‘पिकाची वेळ पाहून वापर, आणि कोणाला किती व का ते सर्वांना सांगून वाटप’. एका विशेषणाच्या जागी एवढे शब्द मावत नाहीत. समासात तिरके लिहावे लागले.